फिरता कळप, अर्धबंदिस्त की शेड? मेंढीचे हाल कुठं होतात आणि ते कसे टाळायचे

फिरत्या कळपातली मेंढी पावसानं, जंतांनी आणि रस्त्यावरच्या ट्रकनं मरते. शेडमधली मरते ती जास्तीच्या भरड्यानं, ओल्या जमिनीनं आणि कोंडलेल्या हवेनं. पद्धत बदलली म्हणून हाल संपत नाहीत, ते दुसरीकडून सुरू होतात. त्यामुळे ‘कुठली पद्धत चांगली’ हे विचारायच्या आधी आपल्या शिवारात कुठली पद्धत कुठं दगा देते, हे बघायला हवं.

बेळगाव जिल्ह्यात याचं उत्तर तालुक्यागणिक बदलतं. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीकडं, खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात, पावसाळाभर जमीन सुकत नाही. बेळगाव शहराच्या आसपास वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, अथणीकडं त्याच्या निम्म्याच्या आसपास. निपाणी, चिकोडी, रायबाग उसाचे. अथणी शाळू, मका, द्राक्षं आणि माळाची. आपली दख्खनी मेंढी कोरड्या माळावर घडलेली आहे. चिखल तिला मानवत नाही. धनगर आणि कुरुबर समाज पावसाळ्यात कोरड्या भागात राहून सुगीनंतर पाण्याच्या पट्ट्यात उतरतो, त्यामागं हाच हिशेब आहे.

प्राणीकल्याण मोजताना जगभर पाच गोष्टी धरतात: भूक-तहान न सोसावी लागणं, निवारा, दुखण्यापासून सुटका, स्वभावाप्रमाणं वागता येणं आणि भीती नसणं. ब्रिटनमधल्या १९६५ च्या ब्रॅम्बेल समितीच्या अहवालातून ही मांडणी पुढं आली. फिरत्या मेंढीला यातली चौथी गोष्ट आपोआप मिळते, शेडमधल्या मेंढीला पहिली. उरलेल्या तिन्ही मालकाला कष्टानं द्याव्या लागतात, पद्धत कुठलीही असो.

आधी हात लावून बघा

लोकर डोळ्याला फसवते. अंगभर लोकर असलेली मेंढी लांबून भरलेली दिसते आणि हात लावला की नुसती हाडं लागतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी पंधरा-वीस मेंढ्या पकडून बघा. त्यातल्या निम्म्या तरी कळपात मागं राहणाऱ्या असू द्या, कारण हाताशी येणाऱ्या मेंढ्या नेहमी धडधाकटच असतात.

शेवटच्या बरगडीच्या मागं, कमरेच्या मणक्यावर तळवा ठेवा आणि बोटं बाजूच्या आडव्या हाडांवर टेकवा. मणक्याची टोकं करवतीच्या दात्यांसारखी टोचत असतील आणि बोटं आडव्या हाडांखाली सहज शिरत असतील तर गुण १. टोकं लागतात पण बोथट, तर २. जरा दाबल्यावरच लागतात, तर ३. दाबूनही नुसती रेघ कळते, तर ४. मणका सापडतच नाही आणि दोन्ही बाजूंच्या चरबीमधून खळगा पडलाय, तर ५. नर सोडताना मेंढी अडीच ते तीनवर हवी, विताना तीनच्या आसपास. दोनच्या खाली गेलेली मेंढी कळपातून वेगळी काढून खुराकावर घ्या. कळपातच ठेवून ‘थोडं जास्त टाकू’ म्हटलं तर ते जास्तीचं दांडग्या मेंढ्या खातात.

त्याच वेळी खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग बघा. लाल-गुलाबी असेल तर ठीक. फिक्कट किंवा पांढरी असेल आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत असेल तर पोटात रक्त पिणारे तारजंत आहेत असं धरा. औषध फिक्क्या पापणीच्यांनाच द्या. सरसकट सगळ्या कळपाला वर्षातून चार-पाचदा तेच औषध पाजलं की औषधाला न जुमानणारे जंत तेवढे उरतात, आणि दोन-तीन वर्षांत ते औषध पाण्यासारखं होतं. डोस अंदाजानं ठरवू नका, वजन करा. कमी डोस हेही औषध निकामी होण्याचं मोठं कारण. गाभण राहिल्यापासून पहिल्या महिनाभरात अल्बेंडाझोल देऊ नये, कोकरात व्यंग येऊ शकतं.

मग कळप चालताना पाय बघा. शंभरात पाचांपेक्षा जास्त लंगडत असतील तर एकेकीला इंजेक्शन देत बसू नका. दुखणं जमिनीत आहे.

फिरता कळप

यात मेंढीचं बरंच चांगलं आपसूक होतं. खुरं चालून झिजतात, हवा मोकळी असते, पन्नास प्रकारचा पाला तोंडाला लागतो. बिघडतं ते ठरावीक ठिकाणी, आणि पहिलं ठिकाण म्हणजे जुलै-ऑगस्टमधलं वेत.

ओलं कोकरू आणि वारा हे दोन एकत्र आले की काही तासांत कोकरू जातं. मेंढी साधारण १५० दिवसांनी विते. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये नर कळपात राहिला तर वेत नेमकं मुसळधार पावसात येणार. त्या दोन महिन्यांत नर वेगळे ठेवा, जून-जुलैत सोडा. कोकरं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, चारा हाताशी असताना येतील. नर सोडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून मेंढीला रोज २०० ते २५० ग्रॅम भरडा दिला तर मेंढ्या एका सुमारास माजावर येतात आणि गाभण राहण्याचं प्रमाण वाढतं. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक नर पुरतो.

वाट चालताना वेलेली मेंढी त्याच दिवशी पुढं हाकणं ही सर्रास होणारी चूक. कोकरानं पहिल्या तासाभरात चीक प्यायलाच पाहिजे. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या किलोमागं सुमारे २०० मिलिलिटर चीक जायला हवा. अडीच किलोच्या कोकराला अर्धा लिटर, पाच-सहा वेळा वाटून. चीक पोटात नसेल तर घोड्यावरच्या डालग्यात कितीही उबेला ठेवलं तरी ते आठवड्याभरात हगवणीनं किंवा सांधे सुजून जातं. नाळ टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा. वरून नुसतं चोपडून भागत नाही. मेंढीला आणि कोकराला निदान एक दिवस वाड्यावर एकत्र ठेवा. रात्री वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी) लावताना वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री जमिनीपर्यंत आणून तिची कड दगडांनी दाबा. वरून छत आणि खालून वारा, याचा काही उपयोग नाही.

पाय सडण्याचं मूळ बसवण्याच्या जागेत असतं. शेतमालक खतासाठी मेंढरं बसवायला बोलावतो, पैसे किंवा धान्य देतो, आणि दोन रात्री आणखी थांबा म्हणतो. कोरड्या दिवसांत थांबायला हरकत नाही. पाऊस चालू असताना एकाच तुकड्यावर दोनपेक्षा जास्त रात्री काढल्या तर लेंडी, मूत आणि चिखल मिळून खुरांच्या बेचक्यातली कातडी सोलते आणि जंतू आत शिरतात. उपाय असा: १०० लिटर पाण्यात १० किलो झिंक सल्फेट, तीन-चार इंच खोल हौद, मेंढी त्यात किमान दहा मिनिटं उभी. आत जाण्याआधी पाय साध्या पाण्यानं धुतलेले हवेत, नाहीतर चिखलाच्या थराखाली औषध पोचत नाही. बाहेर आल्यावर तासभर कोरड्या मुरमावर थांबवा. तिथून थेट चिखलात गेली तर सगळी मेहनत वाया. पुष्कळजण मोरचूद वापरतात. तो काम करतो, पण त्यात तांबं असतं आणि तहानलेली मेंढी ते पाणी पिते. मेंढीला तांबं किती घातक, ते पुढं आलंच आहे. हौदाकडं नेण्याआधी पोटभर पाणी पाजा.

खाण्यातले दोन धोके वेगळे ध्यानात ठेवा. पहिला, कोवळी ज्वारी. गुडघ्याएवढी वाढ, पाण्याच्या ताणानं मान टाकलेलं पीक किंवा काढणीनंतर पावसानं फुटलेले धुमारे, या तिन्हीत सायनाइड बनवणारं विष असतं. मेंढी धापा टाकते, कोसळते, अर्ध्या-एक तासात संपते. डॉक्टर सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, पण तेवढा वेळ बहुतेकदा मिळत नाही. दुसरा, काढणीनंतर शेतात सांडलेलं धान्य. मक्याच्या नाहीतर गव्हाच्या रानात उपाशी कळप सोडला की पोटात आम्ल वाढतं: पोट डब्ब, दात खाणं, आंबूस वासाची पातळ हगवण. अशा रानात आधी कडब्यानं पोट अर्धं भरून, पहिल्या दिवशी अर्धा तास, मग हळूहळू वाढवत न्या. रान कुणाचंही असो, शिरण्याआधी मालकाला विचारा, फवारणी कधी आणि कशाची झाली. द्राक्षबागांच्या बांधावरचं हिरवंगार गवत फुकटचं नसतं.

पाणी साध्या दिवसांत दर मेंढीला चार-पाच लिटर, एप्रिल-मेमध्ये त्याच्या दीडपट धरा. निपाणी-संकेश्वर-बेळगाव राष्ट्रीय महामार्गाला समांतर जायचं असेल तर पहाटेआधीची हालचाल टाळा. जायलाच लागलं तर पुढं आणि मागं चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घातलेला एकेक माणूस हवा.

कुत्र्याकडं फार कमी लोक बघतात. मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्यानं खाल्लं की मेंदूतल्या गाठीतून त्याच्या आतड्यात पट्टकृमी होतो, त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर येतात, आणि कोकरं मान वाकडी करून एकाच बाजूला गरगरायला लागतात. दर तीन महिन्यांनी कुत्र्याला प्राझिक्वांटेल द्या आणि मेलेलं जनावर पुरा.

लोकर वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कातरा. भाव नाही म्हणून न कातरता ठेवलेली मेंढी पावसात किलो-दोन किलो पाणी अंगावर घेऊन फिरते, आणि त्या ओल्या लोकरीत माशी अंडी घालते. कात्रीचे काप लागले तर तिथंच औषध लावा. शेपूट छाटायचं खूळ इथं नको. ती चाल परदेशातल्या लांब शेपटीच्या, सुरकुत्या कातडीच्या मेरिनोसाठी आहे. दख्खनीची शेपटी मुळातच आखूड आणि बारीक.

शेड

बंदिस्त पद्धतीत पावसाची, लांडग्याची, वाहनाची भीती जाते. पण मेंढीला निवड उरत नाही. चारा वाईट असेल तर तोच खावा लागतो, शेजारीण दांडगी असेल तर तिच्याशेजारीच राहावं लागतं. त्यामुळे मापं चुकवून चालत नाही.

मोठ्या मेंढीला छपराखाली १० ते १२ चौरस फूट, आणि त्याच्या दुप्पट मोकळं अंगण. कोकराला ४ ते ५ चौरस फूट. नर एकटा ठेवला तर ३० ते ३५. शेडची लांबी पूर्व-पश्चिम, मध्ये उंची १० ते १२ फूट, कडेला ७-८ फूट. भिंत तीन फुटांवर थांबवा, वर जाळी. थंडीत गोणपाट लावा, पण संध्याकाळी. दिवसा उघडलंच पाहिजे. आत जाऊन मेंढीच्या नाकाच्या उंचीवर, म्हणजे उकिडवं बसून, दोन मिनिटं श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर हवा अपुरी आहे. उभं राहून हे कळत नाही, आणि शेडमध्ये होणाऱ्या खोकल्या-न्यूमोनियाचं मूळ तिथंच असतं.

जमीन कुठली, हे पावसावर ठरवा. अथणी-रायबागेकडं दाबलेला मुरूम, उतार दिलेला, वर्षातून दोनदा वरचा थर काढून नवा भरला की पुरतो. खानापूरकडं मुरूम टिकत नाही. तिथं तीन-चार फूट उंचीवरचा फटींचा फलाट घाला. फट दीड सेंटिमीटर; त्याहून रुंद झाली तर कोकराचा पाय अडकून मोडतो, अरुंद झाली तर लेंडी अडकून फलाट ओला राहतो. फलाटावर ठेवलेल्या मेंढीची खुरं झिजत नाहीत, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी छाटा. पांढरं टोक थोडं-थोडं काढत जा, गुलाबी झाक दिसली की थांबा.

गव्हाणीत दर मेंढीला दीड फूट, म्हणजे ३० मेंढ्यांना ४५ फूट. दोन्ही बाजूंनी खाता येईल अशी केली तर साडेबावीस फुटांत बसते. सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता आलं पाहिजे. हेच माप बहुतेक शेडमध्ये कमी असतं, आणि मग ‘खुराक देतोय तरी दहा मेंढ्या वाळतच चालल्यात’ ही तक्रार येते.

३५ किलोच्या मेंढीला रोज अंदाजे सव्वा किलो कोरडं द्रव्य (चाऱ्यातलं पाणी वजा करून उरतं ते) लागतं. ते असं बसवा: २ किलो हिरवा चारा, ६०० ग्रॅम कडबा किंवा तूर-हरभऱ्याचं भुसकट, २५० ग्रॅम खुराक. शेवटच्या दीड महिन्यात गाभणीला खुराक २०० ग्रॅमनं वाढवा. सुबाभूळ चांगली, पण एकूण चाऱ्याच्या एक-तृतीयांशाच्या आत ठेवा. जास्त झाली की लोकर गळते. ऊसपट्ट्यात वाडे (उसाचे हिरवे शेंडे) फुकट मिळतं म्हणून तेवढ्यावरच कळप ठेवला जातो. वाड्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. वाडे निम्म्याच्या आत ठेवा, जोडीला द्विदल पाला आणि क्षारमिश्रण द्या.

क्षारमिश्रण मेंढीचंच हवं. गाई-म्हशींच्या मिश्रणात तांबं जास्त असतं, आणि मेंढीचं यकृत ते बाहेर टाकण्याऐवजी साठवत राहतं. महिनोन्‌महिने काही दिसत नाही. मग एके दिवशी डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, आणि दोन-तीन दिवसांत मेंढी जाते. त्या टप्प्यावर फारसं काही करता येत नाही. पिशवीवर जनावराचं नाव वाचूनच विकत घ्या. डुकराचं खाद्यही याच कारणानं वर्ज्य.

लवकर वाढावेत म्हणून नर कोकरांना भरडा आणि गव्हाचा कोंडा भरपूर देणाऱ्यांना मुतखडा गाठतो. धान्यात आणि कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. हे प्रमाण उलटं, म्हणजे कॅल्शियम दोन भाग आणि फॉस्फरस एक भाग, असायला हवं. खुराकात एक ते दीड टक्का चुनखडी पूड आणि एक टक्का मीठ घाला, पाणी दिवसभर समोर ठेवा. नर ताठ उभा राहून कण्हतोय, शेपटी हलवतोय आणि थेंब-थेंब लघवी करतोय, तर तो त्या दिवशीचा रुग्ण आहे. उद्यापर्यंत मूत्राशय फुटू शकतं. फार लहान वयात खच्ची केलेल्या नरांत हा त्रास जास्त, कारण मूत्रनळी अरुंद राहते. खच्चीकरण डॉक्टरांकडून, वेदनाशामक देऊनच करून घ्या.

तीन-चार आठवड्यांच्या कोकरांना शेडमध्ये रक्ती हगवण लागली तर औषधाच्या आधी पाण्याचं भांडं बघा. त्यात लेंड्या पडत असतील तर भांडं कोकराच्या पाठीच्या उंचीला घेऊन खाली एक पायरी द्या.

अर्धबंदिस्त

वीस ते पन्नास मेंढ्या आणि घरची दोन-तीन एकर असलेल्यांना आमच्या मते हीच पद्धत सोयीची: पाच-सहा तास चराई, संध्याकाळी गव्हाणीत चारा-खुराक, रात्री छप्पर. सापळा एकच आहे, पण मोठा आहे. रोज त्याच गायरानावर तोच कळप जातो आणि जंतांचं चक्र पक्कं होतं. जंतांची पिल्लं दवात गवताच्या शेंड्यावर चढतात, म्हणून पावसाळ्यात आणि थंडीत दव वाळल्यावरच, नऊ-साडेनऊनंतर सोडा. गायरानाचे मनानं चार भाग पाडून एकेका भागाला निदान महिनाभर विश्रांती द्या. हिडकल धरणाच्या कालव्यांकाठी, पाझराच्या ओलीत गोगलगायी असतात आणि त्यांच्यामार्फत यकृतातला पानकृमी येतो. तिथलं गवत कापून वाळवून घाला, मेंढ्या उतरवू नका.

जात निवडताना पद्धत विसरू नका. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, कमी लोकरीची, अथणीच्या कोरड्या हवेत चांगली वाढते. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. गव्हाणीवरच्या कळपात ती फायद्याची. रोज लांब चालणाऱ्या कळपात मात्र जुळी म्हणजे एक कोकरू उपाशी, असाच अर्थ बहुतेकदा निघतो. शेवटच्या महिन्यात पोटात दोन कोकरं आणि समोर सुकं गवत, अशी मेंढी स्वतःच खाली बसते आणि उठत नाही.

लसी तिन्ही पद्धतींत त्याच. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा बुळकांडीसारखा साथरोग) तीन-चार महिन्यांच्या वयानंतर एकदा आणि मग तीन वर्षांनी. आंत्रविषार, घटसर्प आणि नीलजिव्हा पावसाळ्यापूर्वी. आंत्रविषाराचा पहिल्या वर्षी दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. लाळ्या-खुरकूत दर सहा महिन्यांनी, देवी वर्षातून एकदा. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही अंगांना चरणाऱ्या कळपाची गंमत अशी, की इकडचे म्हणतात तिकडं टोचली असेल आणि तिकडचे म्हणतात इकडं. कानातल्या टॅगचा क्रमांक आणि लसीची तारीख स्वतःच्या वहीत ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन १९६२.

फिरत्या कळपातून आणलेल्या मेंढ्या एकदम शेडात कोंडू नका. पहिले पंधरा दिवस जुन्या मेंढ्यांपासून वेगळ्या ठेवा, पापणी-पाय तपासा, खुराक ५० ग्रॅमपासून सुरू करून तीन-चार दिवसांनी पन्नास-पन्नासनं वाढवा. चराईचे तास महिनाभरात हळूहळू कमी करा.

आणि बाजाराला नेताना गाडीचा हौदा मोजा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दर मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा लागते. आठ फूट बाय साडेपाच फुटांच्या पिकअपमध्ये तेरा मेंढ्या बसतात. पंचवीस-तीस भरलेल्या गाड्या बागलकोट जिल्ह्यातल्या अमीनगड बाजाराच्या रस्त्यावर रोज दिसतात. हौद्यात वाळू किंवा पाचट अंथरा, पाय बांधू नका, शेवटच्या महिन्यातली गाभण चढवू नका. चढवण्याआधी पाणी द्या, खुराक मात्र उतरून तास-दोन तास झाल्यावर.